सोडून दिलेलं वळण

भिलाईच्या हुडको वसाहतीत माझ्या भाचीला पोरं 'नालेवाली' म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नाही. ती गल्लीतून पुढे गेली की मागून म्हणतात. गीतांजली मेश्राम तिचं नाव, घरात गितू. विमानातून उडी मारायची, पाठीवरची छत्री उघडायची आणि मोटारसायकलच्या वेगाने येऊन ठरवलेल्या जागी दोन पायांवर उभं राहायचं, ही विद्या ती रक्त आटवून शिकली. अशा पोरीची ओळख या लोकांनी एका नाल्यावरून ठेवावी, याचा मला संताप येतो. राग गिळून लिहायला मला जमत नाही, तेव्हा जे आहे ते असंच घ्या.

मी तारा, तिची आत्या. आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवलं आणि घरात मराठी बोलले. गितूचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ चंपत. प्लांटमध्ये क्रेन चालवण्यात त्याचा जन्म गेला. उंचावरच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाचं भांडं माणसांच्या डोक्यावरून न्यायचं आणि अलगद खाली ठेवायचं, हे त्याचं काम. आमचे वडील भंडाऱ्याकडून प्लांटच्या भरतीत इकडे आले, आणि तेव्हापासून आमच्या घरात मान दोनच गोष्टींना: बाबासाहेबांना आणि पोलादाला.

गितू लहानपणापासून धाडसी होती, असं जो तो सांगतो. साफ खोटं आहे. ती सावध होती, समोरच्याला चीड येईल इतकी सावध. शेजारची पोरं चिंचेवर सरसर चढायची. ही खाली उभी राहून आधी उतरायचं कुठून ते बघायची आणि मग चढायची. पोळी टाकायच्या आधी तव्यावर हात धरून आच बघत बसायची, तोवर आमची भूक मरायची. उडी मारणाऱ्याला भीती नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गितूसोबत स्वयंपाक करावा.

कॉलेजात असताना ती एनसीसीत गेली आणि तिथून आग्र्याच्या पॅराशूट कॅम्पसाठी तिची निवड झाली. चंपतने सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले, कारण अंगावर वर्दी होती. तिथली छत्री गोल असते. ती माणसाला हळूहळू खाली आणते, पण कुठे आणते ते वारा ठरवतो. गितू परत आली ती एकच हट्ट घेऊन: कुठे उतरायचं ते मी ठरवीन. मग तिने शोध काढला. पश्चिमेकडे एका जुन्या धावपट्टीवर उड्यांचा कॅम्प चालायचा आणि तिथे छत्र्यांची घडी करून पिशवीत भरणारी माणसं हवी होती. हे काम करणाऱ्याला उरलेल्या वेळात उड्या शिकायला मिळत. हे ऐकल्यावर पेढे वाटणारा तोच माणूस बिथरला. वर्दी नाही, पक्की नोकरी नाही आणि पोरगी एकटी. रोज ताटावर तेच भांडण. शेवटी म्हणाला, तारा सोबत जात असन तर जाय. त्याला वाटलं मी नाही म्हणेन. मी त्याच दिवशी बॅग भरली.

एक अख्खा हंगाम मी त्या धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढला. आकाशातून माणसं पडताना बघायचीही सवय होते. काही दिवसांनी मी वर बघणं सोडलं आणि खालचं बघायला लागले. उडी काय, कोणीही मारतं. खरी परीक्षा उतरताना असते.

तिथले शिकवणारे देवराव सर, फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. बोलायचे कमी आणि बोलले की पाणउतारा करायचे. सुरुवातीला बरेच दिवस त्यांनी गितूला मोठी, मंद छत्री दिली. मैदानात एक पांढरी चादर अंथरलेली असे. तिच्यावरच उतरायचं, शेजारी नाही. आधी वाऱ्याबरोबर जायचं, मग आडवं वळायचं, मग वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं. कोणत्या उंचीवर कुठे वळायचं ते रोजच्या वाऱ्यावर. गितू चादरीच्या अलीकडे उतरली, पलीकडे उतरली, एकदा तर माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. दर वेळी तिच्याकडे कारण तयार असायचं, वाऱ्याचं नाहीतर उन्हाचं. सर शांतपणे विचारायचे, चादर हलली का? ती मान हलवायची. मग तू हललीस, म्हणायचे, आणि पुन्हा वर पाठवायचे.

चादर जमली तेव्हा छोटी छत्री हातात आली, आणि ते जनावरच वेगळं. खांद्याजवळचा पुढचा एक पट्टा ओढला की ती एका अंगावर वळते आणि डोकं खाली घालून सुसाट येते. तो वेग जमिनीजवळ हलक्या हाताने आडवा करायचा आणि गवताला पाय लागतील न लागतील असं लांबवर सरकत जाऊन उभं राहायचं. जमलं तर बघणाऱ्याचा श्वास अडकतो. सगळा खेळ त्या शेवटच्या वळणाचा. ते वरून सुरू केलं तर छत्रीला सावरायला जागा मिळते. खाली येऊन सुरू केलं तर आधी जमीन येते. यात दुसरं गणित नाही.

आधी जमीन आलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. राजदीप नावाचा पोरगा होता, कॅम्पमधला सगळ्यांत हुशार. सुटीच्या दिवशी आसपासचे लोक बघायला यायचे, मोबाइल वर धरून उभे राहायचे. त्या दिवशी वळणाच्या जागी येईपर्यंत तो फार खाली आला होता. मला खुर्चीवरून दिसलं, त्याला दिसलं नसेल असं मी मानत नाही. पण खाली लोक होते. त्याने पट्टा ओढला. दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लोक धावले ते जवळून शूटिंग करायला. मी एकाच्या हातातला मोबाइल हिसकला आणि गवतात फेकून दिला. तो पोलिसात जायची भाषा करायला लागला. म्हटलं, जा.

त्यानंतर सरांनी गितूला वळण शिकवणं बंद केलं आणि वळण सोडणं शिकवायला सुरुवात केली. ती सगळी तयारी करून यायची, हात पट्ट्यावर गेलेला असायचा, आणि कानातल्या रेडिओवर सर म्हणायचे, सोड. मग तिने पट्टा सोडून सरळ यायचं, साधं उतरायचं. साध्या उतरण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कॅम्पमधली पोरं तिला चिडवायची, दीदी आज पण बसच्या स्टॉपवर उतरली म्हणायची. एकदा ती रडकुंडीला येऊन सरांशी भांडली. उंची बरोबर होती, वारा बरोबर होता, मग सोडायला का लावलं? सरांनी तिला पूर्ण बोलू दिलं.

"बरोबर असतानी सोडता आलं पाहिजे," ते म्हणाले. "चूक असतानी तर आपण सोडूच, असं सगळ्यायले वाटते. राजदीपनं सोडलं का?"

आणखी दोन गोष्टी त्यांनी तिच्याकडून घोटून घेतल्या. उडीच्या आधी उतरायची दुसरी जागा ठरवून ठेवायची आणि पहिली हातची गेली की विचार करत न बसता तिकडे जायचं. आणि खाली असं काही दिसलं की जे काय आहे ते कळत नाही, तर ते वाईटच आहे असं धरायचं. हंगाम संपता संपता सर 'सोड' म्हणायचे थांबले. ती आपणहून सोडायला लागली. जेव्हा सोडायची नाही तेव्हा अशी यायची की माझ्यासारखी नास्तिक बाईसुद्धा हात जोडायची.

पण माझ्या मनात एक धास्ती कायम होती. तिथे बघणारे परके होते. परक्यांसमोर माघार घेणं सोपं असतं. आपल्या माणसांसमोर, बाप पहिल्या रांगेत बसलेला असताना, हिला वळण सोडता येईल का? आणि नाही आलं तर त्याची किंमत काय, ते मी राजदीपच्या वेळी ऐकलं होतं.

ती वेळ काही वर्षांनी, बाबासाहेबांच्या जयंतीला आली. आमच्या उत्सव समितीचा अध्यक्ष प्रेमानंद. पावर हाउस भागात त्याचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट मोठी करायची हौस. त्याने गितूचा मोबाइलवरचा व्हिडिओ बघितला आणि ठरवलं की या जयंतीला समाजाची लेक निळी छत्री घेऊन आकाशातून स्टेजसमोर उतरणार. परवानग्यांसाठी दुर्गला खेटे घातले, कुठल्याशा फ्लाइंग क्लबचं छोटं विमान जवळच्या नंदिनीच्या धावपट्टीवर आणायची व्यवस्था केली. गितूचं म्हणणं होतं, मी साधी सरळ उतरते, छत्री तेवढीच दिसेल. समितीला ते नको होतं. ते सर्रकन येतं तेच पाहिजे, सगळे म्हणाले. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणालं? चंपत. इतकी वर्षं पोरीला घरात कोंडायला निघालेला माझा भाऊ आता लोकांना थांबवून थांबवून सांगत होता.

"अख्ख्या भिलाईले दिसू दे न," तो म्हणाला, "चंपतची पोरगी कशी येते ते."

आदल्या दिवशी दुपारी तिने हुडकोजवळचं ते मैदान पायाखाली घातलं. दगड उचलले, खड्डे बुजवले. वाऱ्याची दिशा धरून स्टेजच्या समोरून एक लांब पट्टी चुन्याने आखून घेतली. या रेषांच्या आत कोणी यायचं नाही, काही ठेवायचं नाही, हे तिने प्रेमानंदला, कार्यकर्त्यांना, चंपतला, सगळ्यांना सांगितलं. नाल्यापलीकडचं रिकामं शेत तिने दुसरी जागा म्हणून बघून ठेवलं. परत येताना मी तिला मनातलं विचारून टाकलं. उद्या समोर सगळे आपले असतील, सोडायची वेळ आली तर सोडशील? मला वाटलं ती हसून 'हो' म्हणेल.

"माहीत नाही, आत्या," ती म्हणाली.

त्या उत्तराने माझी झोप उडवली.

उडी सकाळी लवकर ठरली होती. एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. हवा तापली की छत्रीला धरायला कमी मिळतं, तेच वळण जास्त उंची खातं. पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. पाहुण्यांशिवाय उडी कशी होणार? सकाळ गेली. रस्ता तापला, बायका पदराने वारा घालायला लागल्या, पोरं पाण्याच्या टाकीभोवती गोळा झाली, आणि पाहुणे कुठेतरी नाश्ता करत होते. देवराव सर विमानात तिच्यासोबत जाणार होते. त्यांनी नंदिनीहून फोनवर सांगितलं की आणखी उशीर झाला तर उडी रद्द. प्रेमानंदने हातापाया पडून त्यांना थांबवलं. शेवटी सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि तिकडे विमान उडालं.

आता या मधल्या वेळात काय झालं ते ऐका. मंडप उभा, खुर्च्या मांडलेल्या, कार्यकर्ते रिकामे. आणि प्रेमानंदच्या गाडीत निळ्या पताकांच्या माळा उरलेल्या. चुन्याची ती पट्टी त्यांना मोकळी मोकळी वाटायला लागली. सगळं मैदान सजलेलं आणि जिथून आपली लेक येणार तीच वाट भुंडी? पाहुणा आपल्याकडे कमानीखालून येतो. मग त्यांनी पट्टीच्या तोंडाशी, रेषांच्या बाहेर हं, नियम मोडायचा नव्हता ना, दोन बाजूंना दोन लांब बांबू रोवले आणि दोन माणसं उंच अशी पताकांची माळ आडवी ताणली. रेषांच्या आत कोणी पाऊल टाकलं नाही, एक खडासुद्धा ठेवला नाही. सांगितलेलं सगळं पाळलं आणि तिच्या वाटेत मरण बांधून ठेवलं.

मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि मंडपाच्या कापडाआड ती पट्टी मला दिसत नव्हती. विमानाचा आवाज आला तशी मी उठून बाहेर आले. चंपत पहिल्या रांगेत नव्हता. वाटलं असेल पाहुण्यांच्या मागेपुढे. तेवढ्यात मोना दिसली. मोना म्हणजे गितूसोबत घडीचं काम करणारी मुलगी, रेडिओ घेऊन खाली उभी राहायला आली होती. तिला कार्यकर्त्यांनी आग्रहाने नेऊन सरबत पाजत बसवलं होतं. आता ती पट्टीच्या टोकाशी उभी राहून रेडिओत किंचाळत होती आणि डीजे इतक्या जोरात वाजत होता की तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. ती वर, पट्टीच्या तोंडाकडे बोट दाखवत होती. मी बघितलं: दोन बांबू आणि मध्ये आडवी ताणलेली माळ.

मी धावले. डीजेवाल्याला म्हटलं बंद कर, त्याने मान डोलावली आणि हसला. एका कार्यकर्त्याला म्हटलं ते बांबू पाड, तो म्हणाला, काकू, सावलीत बसा, ताई येऊन राहिली. आणि वर बघते तर निळी छत्री उघडलेली, लोकांनी जयघोष सुरू केलेला. मी बांबूपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. ती वाऱ्याबरोबर मैदानाच्या कडेने गेली, आडवी वळली. आता हात पट्ट्यावर जाणार. मला शेडखालच्या खुर्चीवरून हजारदा बघितलेलं सगळं ठाऊक होतं, कुठे ती ओढणार, कुठे खाली झेपावणार, आणि या टोकाला येईल तेव्हा किती उंचावर असेल. मी तोंडावर पदर धरला. डोळे मात्र मिटता आले नाहीत.

तिने ओढलं नाही.

छत्री सरळ राहिली. मंडपावरून, पाहुण्यांवरून, मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या सगळ्या समाजावरून ती तशीच पुढे गेली, नाला ओलांडला, पलीकडच्या शेतात उतरली, ढेकळांत धावता धावता गुडघ्यांवर पडली. छत्री वाऱ्याने मागे ओढली गेली आणि नाल्यात जाऊन बसली. मी तिथल्या तिथे खाली बसले आणि रडले. माझ्या आजूबाजूला लोक हसत होते. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, निळा रंग नाल्यात घातला हिनं. प्रेमानंदने माइक घेतला आणि मोठ्या मनाने सांगितलं की आपली लेक पहिल्यांदाच आपल्या लोकांसमोर उतरत होती, घाबरली बिचारी, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या! माझ्या हाती तेव्हा तो माइक यायला हवा होता.

घरी चंपत पंख्याखाली बसून होता. गितू आली, गुडघे सोललेले, पाठीवर चिखलाची छत्री. त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाला, माही मान खाली घातली. एवढं शिकली, एवढी वर्षं घराबाहेर रायली, न ऐन टायमाले काय झालं?

"हिम्मत नाही झाली, बाबा," ती म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली.

मी तिच्या मागे गेले. हिम्मत नाही झाली? कोणाला सांगते आहेस? तेव्हा तिने सांगितलं. वरून तिला माळेची तार दिसली नव्हती, पताकाही नीट दिसल्या नव्हत्या. चुन्याची पांढरी रेष एका जागी तुटल्यासारखी दिसली. उन्हात मध्येच काळे ठिपके, आदल्या दिवशी नव्हते ते. माळेची सावली होती ती.

"काय आहे ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत नव्हतं म्हणूनच सोडलं."

मग हे बापाला का नाही सांगितलं, मी विचारलं. ती छत्रीवर पाणी ओतत राहिली. जाऊ दे न आत्या, म्हणाली. मला जाऊ द्यायची सवय नाही. मी घरात गेले, चंपतचा हात धरला आणि त्याला ओढत मैदानावर नेलं. रस्ताभर मी प्रेमानंदच्या पोरांचा उद्धार करत होते. मैदानात मंडप उतरवणं चाललं होतं, पण माळ तशीच होती, निळी, वाऱ्यावर फडफडत. मी त्याला खाली उभं केलं.

"या ठिकाणी ती किती उंच असती?" त्याने विचारलं.

मी वर बोट दाखवलं. वळण घेऊन ती झाडाच्या उंचीवरून या टोकाला येते, म्हटलं, आणि इथे, ज्या उंचीवर ही तार आहे, बरोबर त्या उंचीवर असते. हायवेवरच्या गाडीच्या वेगाने. चंपतचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"तारा," तो म्हणाला, "तार म्या बांधली."

पोरांनी सुतळी लावली होती. ती मधे झोल खात होती. प्लांटमध्ये जन्म काढलेल्या माणसाला सुतळी बघवते का? आमच्या गावात कपडे वाळत घालायलासुद्धा कोणी सुतळी बांधत नाही, घराघरात लोखंडी तारेचं भेंडोळं असतं. हा घरी आला, तार नेली, स्वतः शिडीवर चढला आणि बोटाने वाजवली तर वाजेल इतकी ताणून बांधली. सुतळी असती तर कदाचित तुटली असती. माझ्या भावाने बांधलेली तार तुटत नाही. उन्हात घामाघूम होऊन, लेकीच्या स्वागतासाठी. आणि ती त्या तारेखाली आली नाही म्हणून याची मान खाली गेली होती. मी त्याला तिथे उभ्या उभ्या काय काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही मी परत घेतलेला नाही. त्याने सगळं ऐकलं. मग शिडी मागवली, वर चढला आणि तार सोडवली. इतकी ताणलेली की सोडवायला वेळ लागला.

घरी आलो तेव्हा गितू अंगणात छत्री पिळून दोरीवर पसरत होती. चंपत तिच्यासमोर उभा राहिला. मी म्हणाले, सांग.

"तार म्या बांधली होती, बेटा."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. परत येताना ती त्या माळेखालूनच आली होती. वर बघितलं तर तारेचं टोक आत वळवून दाबलेलं. "कोणाच्या हाताले लागू नये म्हणून तुम्हीच तसं करता."

चंपत पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. गितू त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्याला माफ केलं असेल, तो तिचा प्रश्न. मी केलेलं नाही. ज्या माणसाला परक्याच्या बोटाला ओरखडा येईल ही काळजी असते, त्याने एकदा मान वर करून लेकीची वाट बघू नये?

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर समितीची बैठक होती. गितू कॅम्पला परत गेली होती. चंपत उभा राहिला. आयुष्यात चार लोकांसमोर न बोललेला माणूस, पण त्याने स्वच्छ सांगितलं. पोरगी घाबरली नव्हती. वाटेत तार होती आणि ती मी बांधली होती. तिनं वळण घेतलं असतं तर आज आपण इथं दुसऱ्याच कामासाठी बसलो असतो. मला वाटलं, चला, उजेड पडला. मग प्रेमानंद उठला, चंपतच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमाने बोलला.

"जाऊ द्या, काका. झालं ते झालं. पुढच्या वर्षी पताका जरा वर बांधू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, वर बांधू, असं दोघाचौघांनी म्हटलंसुद्धा. माझं तोंड उघडलं होतं, पण चंपतने त्याचा हात खांद्यावरून काढला.

"पुढच्या वर्षी ती येनार नाही," तो म्हणाला. "जोपर्यंत आपल्याले रिकामी जागा रिकामी ठेवता येत नाही, तोपर्यंत मी तिले येऊ देनार नाही."

प्रेमानंदने विषय बदलला आणि हिशेबाला सुरुवात केली. आम्ही दोघं उठून बाहेर आलो. दारात पोरं उभी होती. मी जवळून गेले तेव्हा गप्प बसली, आणि चार पावलं पुढे गेल्यावर मागून कोणीतरी 'नालेवाली' म्हणालंच. या वेळी चंपत वळला.